दुसऱ्या लिपीतली कविता

नांदेडच्या आमच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं आणि त्याच्या चार लिप्या होत्या. पहिली म्हणजे कॅपिटल, दुसरी म्हणजे छापील लहान अक्षरं. तिसरी आणि चौथी म्हणजे याच दोघींची वळणदार रूपं. मराठीत कुठलंच अक्षर दुसऱ्यापेक्षा मोठं नसतं. त्यामुळे वाक्य सुरू होताना कुणीतरी एकट्याने उठून उभं राहायचं, ही कल्पना आमच्या पचनी पडायला वेळ लागला. पुढे मी तोच विषय शिकवू लागलो. शीर्षकात ऑफ, द, अँड ही मंडळी लहान ठेवायची, कवितेत प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर मोठं काढायचं, हे मी वर्षानुवर्षं सांगत आलो. यातला दुसरा नियम ही निव्वळ वहिवाट आहे, हे मात्र सांगत नसे. परीक्षेत मार्क वहिवाटीलाच मिळतात.

लातूरच्या एका क्लासमध्ये मी दर आठवड्याला बसने शिकवायला जात असे. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र हे तिथले मानकरी. सीईटीत इंग्रजी नव्हतं, म्हणून माझ्या तासाला मुलं रसायनाची गणितं सोडवत आणि मी खिडकीबाहेर बघत असे. क्लासच्या संचालकांनी कॉलेजातली नोकरी सोडली होती, पण नावामागचं 'प्रा.' सोडलं नव्हतं. दारावरचा इंग्रजी बोर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत कॅपिटल अक्षरांत होता. त्यातला ऑफसुद्धा ताठ उभा होता.

बारावीच्या वर्गात किल्लारीकडची एक मुलगी होती. भूकंपात तिचे वडील आणि थोरली बहीण गेली, तेव्हा ती आईच्या अंगावर पीत होती. तिने क्लासच्या भित्तिपत्रकात एक इंग्रजी कविता लावली. शीर्षकासकट सगळी दुसऱ्या लिपीत; 'मी' या अर्थाचा 'आय'सुद्धा लहान. कविता आईबद्दल होती. नव्या गावात त्यांना सिमेंटचं घर मिळालंय. आई त्यात सोयाबीनची पोती ठेवते आणि स्वतः अंगणात बाज टाकून झोपते. पाऊस आला की पत्र्याखाली सरकते, पण स्लॅबखाली जात नाही. लेक सुट्टीत घरी गेली की अंगणात दोन बाजा. एवढंच. भूकंप हा शब्द त्यात कुठेही नव्हता.

कॅपिटल का नाहीत, असं मी तिला विचारलं. लहान अक्षरांत लिहिणाऱ्या परदेशी कवींवर एक छोटं व्याख्यान माझ्याकडे तयार होतं. ती म्हणाली, "कॅपिटल टाकलं की बोर्ड वाचल्यागत वाटतंय, सर." व्याख्यान तसंच राहिलं.

संचालकांना कविता फार आवडली, आणि तिथून सगळं बिघडलं. स्मरणिकेच्या पहिल्या पानावर घ्यायची, असं त्यांनी ठरवलं. मी ओळींना कॅपिटल लावायची होती आणि शीर्षक बदलून 'भूकंप : एक श्रद्धांजली' असं करायचं होतं, तेही सबंध पहिल्या लिपीत. शिवाय स्नेहसंमेलनात त्या मातेचा पाहुण्यांच्या हस्ते शाल-श्रीफळ देऊन सत्कार. पेपरवाल्यांना कळवून झालं होतं. आणायला जीप जाणार होती.

कार्यक्रम मंगल कार्यालयात आहे, त्या हॉलवर आणखी दोन मजले आहेत आणि ही बाई स्लॅबखाली बसत नाही, कविता त्याबद्दलच आहे, हे मी त्यांना समजावून पाहिलं.

"अहो सर, अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे," ते म्हणाले.

त्यांनी आयुष्यात पुष्कळ सत्कार केले होते. सत्काराने कुणाला इजा होऊ शकते, हे त्यांच्या अनुभवात नव्हतं. मुलीने स्वतः जाऊन विनवलं की कविता कशीही छापा, फक्त आईला बोलावू नका. तिला उत्तर मिळालं की तो तिच्या आईचा मान आहे आणि मानाला नाही म्हणायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी स्मरणिकेची प्रुफं घेऊन संचालकांच्या केबिनमध्ये बसलो होतो, तेव्हा ती आत आली आणि दाराजवळच उभी राहिली.

"सर, ती कविता माझी न्हाई. पुस्तकातून उतरवली."

संचालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो की असली कविता कुठल्या पुस्तकात नसणार, ती हिचीच आहे.

"तुम्ही काय सगळी पुस्तकं वाचलीत?"

त्यांनी भित्तिपत्रकावरचा कागद मागवून पुन्हा पाहिला आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. "तरीच. घाईत उतरवताना कॅपिटल कोण काढतंय? मला वाटलंच होतं, खेड्यातल्या पोरीला हे जमेल कसं." मग त्यांनी तिला प्रामाणिकपणावर बरंच ऐकवलं. ते बोलतही पहिल्या लिपीतच. शेवटी, सगळ्या बॅचसमोर माफी मागायची, असं ठरलं. जीप रद्द झाली.

जिन्यात मी तिला गाठून म्हणालो की एवढं करायची गरज नव्हती. आई स्वतःच नाही म्हणाली असती.

"न्हाई म्हणली नसती, सर. माझ्या क्लासातून बोलावणं आलंय म्हटल्यावर आली असती. वर बघत बसली असती तिथं." रसायनाचा तास होता, ती निघून गेली.

माफी तिने मागितली. स्मरणिकेच्या पहिल्या पानावर संचालकांचा संदेश आला, फोटोसकट. मुलं तिला कवयित्री म्हणू लागली. एकदा माझ्याच तासाला मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "बाई, आम्हालाबी एखादी प्रेमाची कविता उतरवून द्या की." वर्ग हसला. तिने वहीतून डोकंही वर काढलं नाही.

"कंच्या पुस्तकातली पाहिजे?" ती म्हणाली, आणि समोरचं समीकरण पुरं करत राहिली.