झाडावर चढून बघणारे

सर कुठलंही अक्षर फळ्यावर लिहिण्याआधी हवेत काढायचे. तर्जनी वर, खाली, मग आडवी. रस्त्याने जाणाऱ्याला वाटावं, बुवा माश्या मारतायत. "आधी बघा, मग वाचा," एवढंच म्हणायचे.

पेन्शनीत स्वस्थ बसता न येणारा असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. आमच्या आगरदांड्याच्या सरांनी नोकरीत जपानी भाषा शिकून घेतली होती. ती ते ओटीवर मुलींना फुकट शिकवत. त्यांच्या शिफारशीवर मुली जपानला म्हाताऱ्यांची सेवा करायला जात. वर्गाच्या उद्घाटनाला आलेले पुढारी जपानवर बराच वेळ बोलले. सर म्हणाले, "आभारी आहे. आता चपला ओळीत लावा."

त्यांचं लाडकं अक्षर 親. उच्चार 'ओया', अर्थ आई किंवा बाप. "हे झाड, त्याच्यावर उभं राहणं, आणि शेजारी बघणं. लांब गेलेलं पोर दिसतंय का, म्हणून झाडावर चढून बघणारे ते आईबाप." इतक्या गोड व्युत्पत्त्या बहुधा खोट्या असतात, पण मुली डोळे पुसत. तेच अक्षर 'मित्र'च्या आधी लावलं की जिवलग मित्र, 'कापणे'च्या आधी लावलं की दयाळूपणा. का, असं विचारलं की सर म्हणत, "जपान्यांना विचारा."

सरांच्या समोर राहणाऱ्या काकी विधवा. त्यांची एकुलती मुलगी वर्गात सगळ्यांत हुशार. शिफारशीच्या आधी काकी सरांकडे आल्या. "सर, पोरीला नापास करा. मला दुसरं कोन हाय?"

सरांनी नापास केलं नाही. मुलगी गेली.

त्यानंतर 'ओया'चं अक्षर आलं की सर पान उलटत. मी त्यांचा शेजारी; छेडलं तेव्हा काकींचं बोलणं त्यांनी मला सांगितलं. म्हणाले, "त्या बाईला झाडावर मी चढवलं. उतरवायचं कसं, ते मला येत नाही."

रोज संध्याकाळी ते काकींकडे जात. पाणी भरत, गुडघ्याचं औषध आणत, मुलीला फोन लावून देत. काकी टोमणा मारत, "माझी पोर तिकडं म्हाताऱ्या उचलते, तुमी हिकडं मला उचलाया आलाव?" सर मान खाली घालून कळशी उचलत.

यंदा सर गेले. दिवसकार्य उरकल्यावर मी काकींना म्हणालो, "तुमचं ते नापासाचं बोलणं सरांनी शेवटपर्यंत मनाला लावून घेतलं होतं."

"पोरीचं विमान उडालं तवाच माझा राग गेला व्हता."

"मग त्यांना सांगायचं होतं, काकी."

काकी गुडघा चोळत म्हणाल्या,

"सांगितलं असतं, तर रोज आले असते व्हय?"