भावजी ईराला शाळेत टाकतात

देवाने ही पृथ्वी घडवून झाल्यावर एकदा आमच्या भावजींना दाखवली असती, तर ती अजून आपल्या ताब्यात आली नसती. समुद्राचं पाणी खारट का, हा पहिला आक्षेप. डास कोणी मंजूर केले, हा दुसरा. आणि सगळं दुरुस्त होऊन येईपर्यंत आपण आपले ताटकळत. भावजी म्हणजे आमच्या ह्यांचे धाकटे मावसभाऊ, व्यवसायाने सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्याने केलेल्या गोष्टीत खोट शोधायची आणि ती किती गंभीर ते ठरवायचं, हे त्यांचं काम. सगळ्यांत भयंकर खोटीला ते 'सीव्हिअरिटी वन' म्हणतात. इतर माणसं संध्याकाळी ऑफिस ऑफिसात ठेवून घरी येतात. भावजी ते अंगात घालून येतात.

आम्ही इथे अमेरिकेतल्या डब्लिनला घर घेतलं तेव्हा वास्तुशांतीला आलेली सगळी माणसं आधी देवाच्या पाया पडली. भावजी थेट वरच्या मजल्यावर गेले आणि त्यांनी घरातले सगळे नळ एकदम सोडले. खाली पोथी चालू, वरून धो धो आवाज, आणि गुरुजी छताकडे बघतायत. मग भावजी बाह्या सावरत खाली आले आणि चारचौघांत म्हणाले, "वहिनी, तीन नळ चालू असले तर शॉवर कोमट होतो." म्हटलं, अहो भावजी, एका वेळी तीन तीन जण अंघोळ करायला आमच्याकडे आहे कोण? तर म्हणे, "उद्या येतील." कुणाच्याही घरी गेले की खुर्ची दोन्ही हातांनी हलवून बघितल्याशिवाय बसायचे नाहीत. गादी घ्यायला गेले ते घरून स्वतःची उशी घेऊन, आणि दुकानात पाऊण तास कुशीवर झोपले. दुकानदाराने शेवटी दिवे मंद केले म्हणतात. कौतुक म्हणाल तर त्यांच्याकडे एकच शब्द, 'चालतंय'. माझ्या हातची कटाची आमटी दोनदा मागून घेतली आणि म्हणाले, "चालतंय." माझ्या जावेला बघायला गेले होते तेव्हाही, मुलगी पसंत आहे का विचारल्यावर हा माणूस "चालतंय" म्हणाला. जावेने ते अजून माफ केलेलं नाही. आणि गाडी सुरू करण्याआधी मागे वळून विचारायचं, "बेल्ट?" मागून "लावला" असं ऐकू आल्याशिवाय गाडी हलणार नाही. बेल्ट डोळ्यांना दिसत असला तरी नाही.

तर अशा माणसावर पोटच्या पोरीसाठी बोर्डिंग स्कूल शोधायची वेळ आली. भावजींची नोकरी कॉन्ट्रॅक्टवरची. प्रोजेक्ट संपला की गाव बदललं. अ‍ॅशबर्न झालं, बॉथेल झालं, मधली दोन गावं तर मला आठवतही नाहीत, आणि मग ते आमच्या डब्लिनला आले. त्या भानगडीत ईराच्या, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका लेकीच्या, पाच शाळा झाल्या. पोर गुणी. दर वेळी नव्या शाळेत पहिले काही महिने एकटीच डबा खायची, मग एखादी मैत्रीण व्हायची, की घरात खोकी यायची. गेल्या वर्षी दिवाळीनंतर कळलं की उन्हाळ्यात हाही प्रोजेक्ट संपतोय आणि पुढचं गाव ठाऊक नाही. त्या दिवशी भावजी आमच्याकडे आले आणि पहिल्यांदाच खुर्ची न हलवता बसले. म्हणाले, "वहिनी, अकरावी-बारावी तरी तिची एका जागी झाली पाहिजे. तिला बोर्डिंगमध्ये टाकायचं ठरवलंय."

जाऊबाई हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, शनिवारी त्यांना सुट्टी नाही. मुलींचं वसतिगृह बघायला कुणीतरी बाई माणूस हवं म्हणून वरात निघाली ती भावजी, ईरा आणि मी अशी. पहिल्या शाळेत भावजींनी खोली दाखवणाऱ्या मुलीला विचारलं, "मे आय?" आणि तिने हो-नाही म्हणायच्या आत बूट काढून पलंगावर आडवे झाले. दुसऱ्या शाळेत, जी आमच्यापासून दीड तासावर होती, वसतिगृहाच्या जिन्यापाशी एक लाल बटण होतं. ते भावजींनी दाबलं. दोन धिप्पाड गार्ड धावत आले, शाळा दाखवणारी बाई पांढरीफटक पडली आणि भावजी घड्याळाकडे बघत म्हणाले, "नो इमर्जन्सी. टेस्टिंग." मग माझ्याकडे वळून हळूच, "तीन मिनिटं चाळीस सेकंद. चालतंय." मी तोंडाला पदर लावायला गेले आणि लक्षात आलं, अंगात जॅकेट आहे. तिसऱ्या शाळेत मुख्याध्यापकांसमोर चौसष्ट प्रश्नांची यादीच काढली. ताप आला तर पहिला फोन कोणाला जातो? मूल जेवलं नाही हे कोणाच्या लक्षात येतं, आणि कितव्या दिवशी? बाहेर पार्किंगमध्ये आल्यावर शाळेने दिलेल्या नंबरला स्वतःच फोन लावला, रिंगा मोजल्या, आणि उचलल्यावर "सॉरी, राँग नंबर" म्हणून ठेवून दिला.

ह्या सगळ्यात ईरा मात्र दर शाळेगणिक गप्प होत चालली होती. हुडी डोक्यावर, कानात इयरफोन. खोली कशी वाटली? "फाइन." लायब्ररी? "फाइन." मला वाटलं, सोळा वर्षांची पोर, आणि बाप येता-जाता धोक्याच्या घंट्या वाजवतोय, लाजेने मेली असेल बिचारी. परतीच्या वाटेवर भावजींनी जावेला फोन लावला, गाडीच्या स्पीकरवरच. "ती दीड तासावरची बरी आहे. एकदा हिला तिथं टाकली की आपण सुटलो," असं म्हणाले, पुढच्या रेस्ट एरियाला गाडी थांबवली आणि कॉफी आणायला गेले.

मागून आवाज आला, "काकू, व्हाय डज ही वॉन्ट टू थ्रो मी?"

मी वळून बघितलं तर पोरीच्या डोळ्यांत पाणी. म्हटलं, अगं, कोण फेकतंय तुला? "टाकायचं, टाकायचं. सगळे तेच म्हणता. आई, बाबा, यू टू. दर मंगळवारी बाबा मला सांगतात, ईरा, कचरा टाकून ये. सेम वर्ड ना?" आणि मग अगदी बारीक आवाजात, "आणि मग ते सुटले."

खरं सांगते, पहिल्यांदा मला हसूच फुटलं, आणि लगेच स्वतःची इतकी लाज वाटली की काय सांगू. ह्या पोरीचं मराठी सगळं स्वयंपाकघरातलं. तिला कोणी कधी सांगितलंच नव्हतं की आपण मूल शाळेत टाकतो म्हणजे काय करतो. आणि हे ओझं उरावर घेऊन ती तीन शाळा बघून आली होती. म्हटलं, "अगं बाळा, भाजीत मीठ टाकतो, ते काय फेकून देतो? पेटीत पत्र टाकतो, ते नीट पोचावं म्हणून ना?" तिने नाक पुसलं. "आणि सुटलो?" म्हटलं, ते मात्र तू त्यांनाच विचार.

भावजी तीन कप सांभाळत आले, आणि तिने विचारलं. मराठीत विचारलं. "बाबा, तुम्हाला मला टाकायचंय?"

कपांचा ट्रे त्यांनी गाडीच्या टपावर ठेवला. तो पक्का बसलाय की नाही हेही तपासलं नाही. मी सगळं सांगितलं. मग म्हणाले, "म्हणजे हे दिवाळीपासून चालू आहे? आणि माझ्या लक्षात नाही आलं?" दार उघडून तिच्या शेजारी बसले. "ईरा, माझ्या नोकरीपायी तू पाच शाळांमध्ये एकटी बसून डबा खाल्लास. दर वेळी खोकी बांधताना मला वाटायचं, आपण हिचं वाटोळं करतोय. त्यातून सुटलो म्हणालो गं. तुझ्यातून नाही." भावजींना इतकं सलग बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मग त्यांनी खिशातली ती यादी काढली, वरपासून खालपर्यंत बघितली आणि म्हणाले, "चौसष्ट प्रश्न आहेत. तुला जायचंय का, हा नाहीच." यादीची घडी घालत, "सीव्हिअरिटी वन."

ईराने खिडकीबाहेर बघितलं. "आय डू वॉन्ट टू गो," ती म्हणाली. "दोन वर्षं सेम फ्रेंड्स, आय वॉन्ट दॅट. ती दुसरी स्कूल, जिथं पॉटरीची रूम आहे. पण आय वॉन्टेड यू टू बी सॅड अबाउट इट." भावजी म्हणाले, "आहे ना." एवढंच. मला मात्र एकदम हुश्श झालं. टपावरची कॉफी निवून पाणी झाली तरी आम्ही हसत हसत प्यायलो. घरी जाईपर्यंत ईराने डोक्यावरून हुडी काढली होती आणि ती बापाला पुन्हा पुन्हा बजावत होती, की पोचवायला यायच्या दिवशी ते लाल बटण दाबायचं नाही.

ऑगस्टमध्ये आम्ही तिला पोचवायला गेलो, या वेळी जावेसकट. भावजींनी पलंग हलवला नाही, नळ सोडला नाही. लाल बटणापाशी हात मागे बांधून उभे राहिले. निघताना ईराला म्हणाले, "तर आता तुला इथं आम्ही..." आणि अडले. मला दिसत होतं, शब्द एकेक करून तपासून बघतायत. ठेवलं? सामान ठेवतात. सोडलं? छे, तो तर आणखी वाईट. घातलं? तेही पसंत पडेना. शेवटी ईरानेच त्यांच्या गळ्यात हात टाकले आणि म्हणाली, "बाबा, टाकलं. चालतंय."

गाडीत जाऊबाई पुढे बसल्या, मी मागे, ईराच्या जागेवर. भावजींनी किल्ली फिरवायच्या आधी सवयीने मागे वळून विचारलं, "बेल्ट?" आणि मागे मी होते. मी म्हटलं, "लावला, भावजी." त्यांनी मान हलवली. पण गाडी काही लगेच सुरू केली नाही, आणि आम्हीही कोणी घाई केली नाही.