शुभांगीने जोडलेला डॅक

पार्सल आलं तेव्हा शुभांगी ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधत होती. अर्धांगाच्या झटक्यानंतर नवऱ्याला, वाल्मीकरावांना, दवाखान्यातून घरी आणून नऊ दिवस झाले होते. डावा हात आणि डावा पाय अजून साथ देत नव्हता, बोलणं जरा जड येत होतं, पण कळत सगळं होतं. कुरिअरवाल्याने सही मागितली तशी तिने हात पदराला पुसले आणि खोकं आत नेऊन त्यांच्या खुर्चीपाशी ठेवलं.

वाल्मीकराव खोक्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आला."

"काय आलं?"

"डॅक. दोन महिन्यांपूर्वी मागवला होता. सांगितलं होतं तुला."

सांगितलं असणार. पण वाल्मीकरावांनी मागच्या खोलीविषयी सांगितलेलं तिच्या एका कानाने आत जाऊन दुसऱ्याने बाहेर पडायचं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मखमलाबादला पाटाच्या कडेला त्यांचं घर आणि घरामागे सव्वा एकर मळा. मेथी, कोथिंबीर, आणि दसरा-दिवाळीच्या बेताने झेंडू नि शेवंती. सातबाऱ्यावर नाव वाल्मीकरावांचं, पण मळा शुभांगीचाच. गणेशवाडीच्या फूलबाजारात भल्या पहाटे क्रेट उतरवायला ती जायची, ठिबकची नळी तुंबली तर तीच फुंकायची. वाल्मीकराव तीस वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात मोटारी आणि पॅनल दुरुस्त करत होते. घरी आले की चहा घेऊन मागच्या खोलीत. तिथे त्यांची सिस्टीम होती. भिंतीपाशी माणसाच्या छातीएवढे दोन स्पीकर, मधल्या फळीवर अँप्लिफायर, आणि त्याच्या शेजारी त्यांनी स्वतः चार वर्षं खपून बांधलेला प्री, म्हणजे प्रीअँप्लिफायर. जुन्या रेडिओवाल्यांकडून एकेक काचेचा व्हॉल्व्ह जमवून, पत्रा कापून, तारा ओढून केलेला. गाणं आधी या प्रीकडे यायचं. आवाज किती ठेवायचा ते तिथे ठरायचं, आणि मग ते मोठ्या अँप्लिफायरकडे जायचं. "अँप्लिफायर म्हणजे अंगातला जोर," वाल्मीकराव म्हणायचे, "आणि प्री म्हणजे स्वभाव." दर रविवारी ते तिला हाक मारायचे, की ये, जरा बस. ती दारात उभी राहून "छान आहे" म्हणायची आणि परत फिरायची. खोटं नव्हतं ते. पण चुलीवर काहीतरी असायचंच.

तर आता हा डॅक. मुलगी वेदिका नोकरीला पुण्याला गेली तेव्हा बापाच्या लॅपटॉपमध्ये शेकडो मैफिली भरून देऊन गेली होती. लॅपटॉपात गाणं असतं ते आकड्यांच्या रूपात. त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करायचं काम ही पेटी करणार होती. वीटभर आकाराची, काळी, पुढे एकच बटण.

"जोडायचा," वाल्मीकराव म्हणाले.

"जरा बरं वाटू द्या. हात चालायला लागला की जोडा."

"तू जोड. मी सांगतो."

त्यांच्या तोंडाकडे पाहून तिला नाही म्हणवलं नाही. त्या नऊ दिवसांत त्यांनी पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं.

मागच्या खोलीत खुर्ची सरकवून तिने त्यांना बसवलं, निर्जीव हात उचलून मांडीवर ठेवला, आणि स्वतः फळीमागे वाकली. "लाल पिन उजव्याला. पांढरी डाव्याला. जोर लावू नको, फिरवत घाल." ठिबकचे जोड बसवणारे तिचे हात, पिना पटकन बसल्या. व्हॉल्व्ह तापायला थोडा वेळ लागतो म्हणून दोघं बसून राहिले. मग त्यांनी सांगितलं तसं तिने लॅपटॉपवर गाणं लावलं आणि प्रीचं बटण अगदी नखभर फिरवलं.

खोली हादरली. गाणाऱ्या बाईने वरचा स्वर लावला की तो कापड फाटल्यासारखा फाटत होता, आणि खालून एकसारखी घुंऽऽ अशी गुणगुण. शुभांगीने घाबरून बटण मागे घेतलं.

"डॅक आणि प्री जुळत नाहीत," वाल्मीकराव म्हणाले. त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या, पण आवाजात जुनी धार आली होती. "धम्मपालला फोन लाव."

धम्मपाल नाशिकरोडला राहायचा. वाल्मीकरावांबरोबर कारखान्यात होता, आता घरीच स्पीकरची खोकी बनवायचा. दुसऱ्या दिवशी मीटर आणि सोल्डरिंगची पिशवी घेऊन तो आला. वाल्मीकरावांचा हात हातात घेऊन थोडा वेळ बसला, आणि मग एकदम कामाला लागला. मोजमाप करून म्हणाला, "वहिनी, साधी गोष्ट आहे. साहेबांचा प्री बांधलाय जुन्या कॅसेट डेकच्या हिशेबाने. हा डॅक त्याच्या चौपट जोराने सिग्नल देतो. पाटाचं गेट पूर्ण उघडलं आणि पुढं वाफ्याचं तोंड एवढंसं असलं तर काय होईल?"

"वाफा फुटेल."

"तेच होतंय."

ही उपमा तिला पुरली. धम्मपालने एका छोट्या डबीत चार रेझिस्टन्स बसवून ती दोघांच्या मधे जोडली, म्हणजे सिग्नल बेतात येईल. गुणगुण येत होती लॅपटॉपच्या चार्जरमुळे. चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर चालवला तशी तीही गेली. पुन्हा गाणं लागलं.

शुभांगी उभीच होती, ती हळूच स्टुलावर बसली. गाणारी बाई समोरच्या भिंतीपाशी उभी होती. खरंच उभी होती. ती श्वास घेत होती तोही ऐकू येत होता. तंबोरा तिच्या मागे, तबला जरा उजवीकडे. धम्मपालने डोळे मिटले होते. "साहेब," तो म्हणाला, "प्री कसला बांधलाय तुम्ही!"

वाल्मीकराव म्हणाले, "अजून जुळत नाही."

"आता काय राहिलं?"

"भांडी पडल्यासारखं वाजतंय. तुम्हाला येत नाही ऐकू?"

धम्मपालने शुभांगीकडे पाहिलं. शुभांगीने खाली पाहिलं.

पुढचे तीन आठवडे मग तेच चाललं. धम्मपाल दर दोन-तीन दिवसांनी यायचा. डबीतले रेझिस्टन्स बदलले. केबल बदलल्या. प्रीतले व्हॉल्व्ह काढून दुसरे घातले. वाल्मीकराव खुर्चीतून हुकूम सोडायचे, डॅकचा दोष, मग केबलचा, मग विजेचा, मग घराच्या अर्थिंगचा. अर्थिंगसाठी शुभांगीने अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा भरला, पाणी घातलं. शेवंतीची तोडणी सुरू झाली होती, तरी ती हे सगळं करत होती, कारण हे चालू असेपर्यंत ते भाकरी पूर्ण खायचे, व्यायामाला कुरकुर करायचे नाहीत. पण दर वेळी गाणं लागलं की तिला ते नितळ ऐकू यायचं, आणि त्यांचा चेहरा दुखल्यासारखा व्हायचा.

तोडणीला येणारी गोजराबाई एकदा म्हणाली, "बाई, टाका ना फेकून ते डबडं. लय ताप झालाय तुम्हाला त्याचा."

शुभांगी म्हणाली, "डबड्याचा ताप नाय गं, गोजराबाई."

तिच्या मनात एक गोष्ट आली होती आणि ती करून बघायची तिची छाती होत नव्हती. एका दुपारी, वाल्मीकराव जेवून खुर्चीत बसले असताना, तिने ती केली. कपाटावरचा जुना रेकॉर्ड प्लेयर खाली काढला, फडक्याने पुसला. त्याची तार सरळ प्रीमध्ये जायची, डॅकचा त्यात संबंधच नव्हता. लग्नाच्या पहिल्या वर्षी वाल्मीकरावांनी आणलेली एक भैरवीची तबकडी होती. गाणं न कळणाऱ्या शुभांगीलाही ती पाठ झाली होती, इतक्या वेळा या घरात वाजलेली. तिने ती लावली आणि सुई ठेवली.

खरखर झाली, आणि भैरवी सुरू झाली. जशी होती तशीच.

वाल्मीकराव मान कलती करून ऐकत राहिले. मग विचारलं, "हे कोण गातंय?"

शुभांगी प्लेयरपासून वळून त्यांच्याकडे पाहू लागली.

"शब्द कळतायत," ते म्हणाले, "कृष्णाचं काहीतरी आहे. पण चाल... याला चाल आहे का?"

त्यांची नजर खोलीभर फिरली आणि फिरणाऱ्या तबकडीवर थांबली. "थांबव ते. दाखव इकडे." तिने तबकडी आणून त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. मधल्या कागदावरची अक्षरं त्यांनी वाचली, एकदा, मग पुन्हा. उजव्या हाताचं बोट त्या कागदाच्या कडेने फिरलं.

"यात डॅक नाहीये," ते म्हणाले.

"नाही."

"प्री तोच."

"हो."

पाटावर कोणाचा तरी पंप चालू होता. शेवटी ते म्हणाले, "धम्मपालला सांग, आता नको येऊस. उगाच हेलपाटे त्याला."

मेंदूच्या डॉक्टरांकडे ती स्वतः गेली, वाल्मीकरावांना न सांगता. डॉक्टर भले होते, त्यांनी नीट समजावून सांगितलं. कानाला काही झालेलं नाही. मेंदूत सूर ओळखायची जी जागा असते, तिला धक्का पोचला आहे. असं होतं कधीकधी. बोलणं कळतं, हाका कळतात, पण गाणं नुसता गोंगाट होतो.

"परत येतं का ते?"

"काहींचं येतं. काहींचं नाही."

"औषध?"

"औषध नाही."

"हाताला व्यायाम दिलाय तुम्ही. तसा याला काही?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "थोडं थोडं ऐकवत राहा. पण त्रास होत असेल तर थांबवा."

रिक्षात बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की ऐकवा आणि ऐकवू नका, दोन्ही सांगून झालं. मळ्यात कीड पडली तर फवारणी असते, पाणी कमी पडलं तर पाटाच्या पाण्याची पाळी मागून घेता येते. इथे कशाला हात घालायचा तेच तिला कळेना.

तरी वाल्मीकरावांनी एक वाट काढून पाहिली. एका संध्याकाळी ते म्हणाले, "लाव. आणि तू सांग कसं वाजतंय."

"मला कुठं सांगता येतंय?"

"येईल तसं सांग."

तिने लावलं. ऐकलं. शब्द शोधत म्हणाली, "बाईचा आवाज... ओल्या मातीतून मुळा उपटावा ना, तसा. अलगद निघतोय. कुठं तुटत नाही."

वाल्मीकरावांनी मान हलवली. "म्हणजे मधला भाग मोकळा आहे. आणि तंबोरा?"

"तंबोरा मागं आहे. माश्या घोंगावतात शेवंतीवर, तसा."

"झणझणतोय की गोड आहे?"

"गोड."

"मग रेझिस्टन्स बरोबर बसलाय." ते खूश झाल्यासारखे वाटले. आठ-दहा दिवस हे चाललं. ती सांगायची, ते त्याचं आपल्या भाषेत रूपांतर करायचे. पण एका संध्याकाळी ती सांगत असतानाच त्यांनी उजव्या हाताने कान दाबून धरला आणि म्हणाले, "पुरे." त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. तिने सगळी बटणं घाईने बंद केली. पुन्हा लाव म्हणून ते कधी म्हणाले नाहीत.

हिवाळा गेला. पाय बराच सुधारला, काठी घेऊन ते बांधापर्यंत जाऊ लागले. बातम्या ऐकायचे, गोजराबाईशी गप्पा मारायचे. धम्मपाल एकदा सहज भेटायला आला तेव्हा ते त्याला म्हणाले, "घेऊन जा सगळं. तुझ्याकडे वाजेल तरी." धम्मपाल शुभांगीकडे बघायला लागला. ती म्हणाली, "राहू द्या, भाऊ. जागा कुठं अडतेय." का म्हणाली ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं.

खरी गोष्ट ही होती, की मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी रिक्षावाला त्यांना व्यायामाला घेऊन जायचा, आणि ती मागच्या खोलीत जाऊन बसायची. तासभर. पहिल्यांदा नुसतं धूळ पुसायला गेली होती. मग एकदा लावून पाहिलं. मग राहवेना. उपाशी माणसाच्या घरात लपून जेवावं तसं तिला वाटायचं, आणि तरी शुक्रवारची ती वाट पाहायची.

एका शुक्रवारी व्यायाम शिकवणारा आलाच नव्हता. रिक्षा अर्ध्या तासात परत आली. गाण्यात तिला फाटकाचा आवाज कळला नाही. काठीची टकटक दारात आली तेव्हा ती दचकून उठली आणि बटणाकडे हात नेला.

"राहू दे," वाल्मीकराव म्हणाले.

"तुम्हाला त्रास होतो."

"आवाज कमी कर. पण राहू दे."

ते येऊन खुर्चीत बसले. स्पीकरकडे त्यांनी पाठ केली आणि तिच्याकडे तोंड. ती स्टुलावर बसली खरी, पण ते आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर तिला गाण्यातलं काहीच ऐकू येईना. तिने डोळे मिटले. उघडले. ते बघतच होते, एखाद्या मीटरचा काटा बघावा तसे, लक्ष देऊन.

"थोडंफार कळतं," ते म्हणाले.

"काय कळतं?"

"तुझ्या तोंडावरून. ती वर गेली की तुझ्या भुवया वर जातात."

तिला हसू फुटेना आणि रडूही येईना. त्यांचा हात धरावा असं वाटलं, पण मधे लॅपटॉप होता, तारा होत्या. गाणं चाललं होतं. साडेचार वाजले तशी ती उठली आणि त्यांची गोळी आणायला आत गेली.