आढ्याचा नाडा

माझ्या सासूबाई, धोंडाबाई, हातात आलेलं काही सोडत नाहीत. फाटकी घोंगडी नाही, जुनं भांडण तर नाहीच नाही. लग्न होऊन पासली गावात आले तेव्हा मला या स्वभावाचा भारी वैताग यायचा.

सासरे सांगायचे, याचं मूळ वळवाच्या एका दुपारी आहे. सासूबाई तेव्हा नव्या नवरी होत्या. काळ्या ढगातून सोंड उतरली, गरगरत शिवारातून आली आणि शेजारच्या गेनबांचं छप्पर घेऊन गेली. त्यांच्या शेजारी वळणीवरचं लुगडंसुद्धा जागचं हललं नाही. आमच्या घराच्या कडेनं ती जाताना सासूबाई आढ्याला बांधलेल्या जाड दोराला, नाड्याला लोंबकळल्या. जरा वेळात सगळं शांत, छप्पर जागेवर. गाव तिला वावटळ म्हणतं. पुढं मोबाईलवर तसलाच व्हिडिओ पाहिला, तेव्हा मला कळलं की तो टॉर्नेडो होता. गेनबांनी मग स्लॅबचं घर बांधलं. आमचे पत्रे तेच राहिले.

मग एका जूनमध्ये चक्रीवादळ आलं. माझा नवरा संपत टेम्पो घेऊन पुण्यात अडकलेला. सासऱ्यांची उजवी बाजू अर्धांगवायूनं गेलेली, ते खाटेवर. पत्रे धडाधडा आपटायला लागले तशी सासूबाईंनी धाव घेऊन नाडा धरला.

"आत्ता जाईल गं," त्या म्हणाल्या. "जरा दम काढ."

वारा जाईना. पत्र्याखालून पावसाचा मारा आत येऊ लागला. एकेक खिळा उपटून निघत होता.

"आत्याबाई, ही तुमची वावटळ न्हाई! ती एका शिवारातनं जाती. हे समिंदरावरनं आलंया, जिल्हेच्या जिल्हे झाकलेत ह्यानं. सांजपतूर थांबायचं न्हाई!"

"म्या सोडलं तर छप्पर ह्यांच्या अंगावर यील."

खरं होतं. पण सासऱ्यांना एकटीनं उचलणं मला जमणारं नव्हतं. मला रडू आलं आणि रागही आला.

"आन हात आपसूक सुटल्यावर?" मी ओरडले.

त्यांनी मूठ आणखी आवळली. नाड्यावर रक्ताचे डाग दिसत होते. मी सासऱ्यांना कसंबसं खाटेवरून खाली घोंगडीवर ओढलं. त्यांची जीभ जड झालेली, तरी शब्द फुटला.

"धोंडे... सोड."

"तुमी गप ऱ्हावा!"

"सोड."

सासूबाईंनी नाडा सोडला. घोंगडीची दोन टोकं त्यांनी धरली, दोन मी, आणि आम्ही सासऱ्यांना ओढत दाराबाहेर काढलं. मागं आढं कडाडलं. मी वळून पाहिलं नाही. वाकून, पडत-उठत आम्ही गेनबांच्या स्लॅबखाली पोहोचलो.

तिथं सासूबाई भिंतीला टेकून बसल्या. दोन्ही मुठी अजून आवळलेल्याच होत्या, उघडता उघडेनात.

"छप्पर गेलं वो," म्हणत त्या लहान पोरीसारख्या रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. डाव्या हातानं सासरे त्यांचं एकेक बोट सोडवत राहिले. मूठ उघडली तेव्हा त्या सोललेल्या तळव्यावर त्यांनी आपला हात ठेवला. सासूबाईंनी तो घट्ट धरला, आणि वारा पडेपर्यंत सोडला नाही.