वाऱ्याच्या तोंडावर एली

एलीचं नाव मी यादीतून खोडलं, तेव्हा तिला एकदाही खेळताना बघितलं नव्हतं. ती ज्या मैदानावर खेळायची, तेही नाही. माझ्या नातवंडांना वाटतं, आजी जन्मतःच शहाणी होती. त्यांनी हे जरूर वाचावं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. लीड्सच्या एका हॉस्पिटलात वर्षानुवर्षं वेटिंग लिस्टचे आकडे सांभाळून मी लवकर रिटायर झाले आणि एका कौंटी क्लबच्या मुलींच्या क्रिकेट अकॅडमीत पार्ट-टाइम स्टॅटिस्टिशियन म्हणून लागले. सीझन संपत आला की सतरा-अठरा वर्षांच्या या मुलींपैकी काहींना ठेवायचं आणि काहींना 'रिलीज' करायचं. रिलीज म्हणजे काढून टाकणंच, फक्त पत्र जाड कागदावर जातं.

माझं काम घरबसल्या. पोस्टाने स्कोअरबुकं यायची, मी ती कॉम्प्युटरवर चढवायची. बोलरने एका विकेटमागे किती रन्स दिल्या, ती तिची सरासरी. जितकी कमी तितकी चांगली. एलीची सगळ्यांत जास्त होती. झालं, मारली काट.

फ्रँक हा आमचा स्काउट, म्हणजे मैदानोमैदान हिंडून खेळाडू हेरणारा. सत्तरीचा, बुटांना कायम चिखल. त्याच्या वहीत मुलींच्या नावांपुढे नुसते बाण आणि फुल्या. "ही काय धोब्याची वही आहे का?" असं मी भर मीटिंगमध्ये विचारलं होतं. वर स्वतःच हसले होते.

पत्र गेल्यावर त्याचा फोन आला. यॉर्कशरमध्ये जो तो कुणालाही 'लव्ह' म्हणतो, तसा तोही.

"लव्ह, तू आपलं मैदान बघितलंयस का?"

"कशाला? मैदान काय रन्स काढतं?"

"शनिवारी शेवटची मॅच आहे. ये. कोट घालून ये."

सप्टेंबरात कोट कशाला, म्हणून मी पातळ कार्डिगन घालून गेले. यॉर्कशरमध्ये वीस वर्षं काढलेली बाई!

मैदान टेकडीवर. एका बाजूने चांगलाच उतार, आणि वरच्या बाजूने मूरवरचा, म्हणजे उघड्या माळरानावरचा, वारा असा यायचा की माझा चहा कपातून आडवा उडाला. क्रिकेटमध्ये ओव्हर आळीपाळीने दोन टोकांकडून टाकतात. म्हणजे एका बोलरला वारा पाठीशी आणि उतार पायाशी. दुसरीला चढ आणि तोंडावर वारा.

कॅप्टनने बॉल हातात घेऊन सगळ्यांकडे बघितलं. मुली बुटांच्या लेस बांधायला लागल्या. एक उंच, लाल नाकाची मुलगी बॉल घेऊन खालच्या टोकाला गेली.

"ही एली," फ्रँक म्हणाला. "दर वेळी हेच."

"पण तिला पत्र मिळालंय ना?"

"बुधवारी मिळालं. बॅगेत आहे, मला दाखवलं."

काढून टाकलेली मुलगी चढावर, वाऱ्यात धापा टाकत बोलिंग करत होती. तिच्या ओव्हरमध्ये रन्स निघेनात म्हणून बॅट्समन वैतागायच्या आणि दुसऱ्या टोकाला, वारा पाठीशी घेतलेल्या बोलरला मोठे फटके मारायला जाऊन आउट व्हायच्या. विकेट त्या बोलरच्या नावावर. माझ्या यादीत ती पहिली होती.

"फ्रँक, कुठल्या मॅचला कोणी कुठल्या टोकाकडून ओव्हर टाकली, हे स्कोअरबुकात नसतं रे."

त्याने धोब्याची वही माझ्या मांडीवर ठेवली. बाण म्हणजे वारा. फुली म्हणजे ती ओव्हर त्या वाऱ्याच्या तोंडावर टाकलेली.

पुढचे दोन दिवस मी सगळे आकडे नव्याने मांडले. वाऱ्याविरुद्ध टाकलेल्या ओव्हर्सची तुलना फक्त तशाच ओव्हर्सशी केली. एली वर आली, आणि बरीच वर. मग कागद घेऊन मार्टिनकडे गेले. तो अकॅडमीचा डायरेक्टर.

"तूच म्हणालीस, आकडे खोटं बोलत नाहीत," तो म्हणाला.

"नाही बोलत. मी त्यांना अर्धंच विचारलं होतं."

"म्हणजे मी त्या मुलीला काय लिहू? आमची चूक झाली?"

"माझी झाली. तसंच लिही. नाव घालून."

त्याने कागद स्वतःकडे ओढले. मग म्हणाला, "लिहितो. पण सांगायला तू जायचंस."

तेव्हापासून माझा एक नियम झाला: जिथे आपण स्वतः कुडकुडलो नाही, तिथल्या आकड्यांवर सही करायची नाही.

एली प्रॅक्टिसच्या नेटमध्ये भेटली. मी माफी मागितली आणि तिची जागा कायम आहे हे सांगितलं. ती पॅड्सच्या ढिगावर मटकन बसली, बाहीला नाक पुसलं. काहीतरी भरपाई करावी म्हणून मी घाईघाईने म्हटलं, "पुढच्या सीझनला तुला वरच्या टोकाकडून बोलिंग द्यायला सांगते हं मी."

ती म्हणाली, "नको, मिसेस काळे. तिथून फार सोपं जातं, मला झोप येईल. तुम्ही फक्त बघायला येत जा. आणि ते कार्डिगन नको, फ्रँकला तुमचीच काळजी लागून राहते."