वांगाला वांगं म्हणणारी माणसं

दिवा स्टेशनजवळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये टँकरची वाट बघत आम्ही बायका जिन्यात बसतो. पाणी येवो न येवो, किस्से मात्र पिंपभर साठतात. माझ्या सुनेच्या, संगीताच्या तोंडावर वांग आला तेव्हापासून तर पिंप नुसतं वाहतंय. सांगते हसून, पण डोकं तापलेलंच आहे माझं!

*

धाकटीच्या वेळेला दिवस भरत आले तसे संगीताच्या दोन्ही गालांवर तपकिरी डाग उठले. इकडे जसे, तिकडे तसेच. मग कपाळावर, वरच्या ओठावर. खाज नाही, दुखणं नाही.

शेजारच्या काकूंनी लगेच निकाल दिला, "डोहाळ्यात वांगी खाल्लीन असणार! मग वांग येणारच."

मी म्हटलं, "काकू, तुम्ही जन्मभर भोपळा खाताय. तुम्हाला काय आलं?"

सगळ्या बायका काकूंच्या कमरेकडे बघायला लागल्या!

*

हळदीकुंकवाला वरच्या मजल्यावरची नवी भाडेकरीण कपाळ मागे घेऊन म्हणाली, "वहिनी, माझं मी लावते हं. लागतं म्हणतात ते."

संगीता करंडा हातात धरून तशीच उभी.

"लागत असतं ना," मी म्हटलं, "तर आधी तुझ्या जिभेला लागलं असतं. दिवसभर तेच चघळतेस!"

*

मग पार्लरवाली. "आंटी, ही ट्यूब लावा, एकदम क्लीन!"

संगीतानं लावली. थोडे दिवस गोरीपान. माझा मुलगा रमेश खूश! ट्यूब सोडली तर तोंड लालभडक, उन्हात गेली की आग आग. डाग पहिल्यापेक्षा काळे.

मी तडक पार्लर गाठलं. पोरगी म्हणते, "आजी, त्यांची स्किन सेन्सिटिव्ह आहे."

"माझा हातपण सेन्सिटिव्ह आहे," म्हटलं, "कधी उठेल सांगता येत नाही!"

*

कल्याणच्या डॉक्टरीणबाईंनी ती ट्यूब कचऱ्यात टाकली. म्हणाल्या, "यात स्टिरॉइड आहे. वांग गरोदरपणात येतो, गर्भनिरोधक गोळ्यांनी येतो, उन्हानं वाढतो. कुणाचा फिकटतो, कुणाचा रेंगाळतो. लागत मात्र कुणाला नाही."

एवढं ऐकून रमेशनं विचारलं काय? "शनिवारपर्यंत जाईल का? ऑफिसचं फंक्शन आहे."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "कोण जाईल? डाग की बायको?"

*

शनिवार आला. माजिवड्याला हॉलवर फंक्शन. संगीतानं साडीला इस्त्री करून ठेवलेली. रमेश आरशात भांग पाडत म्हणाला, "या वेळी राहू दे गं. चेहरा साफ झाला की नेतो."

तिनं साडी परत घडी घालून कपाटात ठेवली. माझं टाळकंच फिरलं.

"रमेश, इकडे ये. ट्यूबलाइटखाली बस. माझ्या तोंडाकडे बघ."

"आई, उशीर होतोय."

"बघ म्हणते ना!"

बघितलं. चाळिशी आली पोराची, नीट असं पहिल्यांदाच बघितलं असेल. सुरकुत्यांच्या मधून बोट फिरवलंन, या गालावर, मग त्या गालावर.

"आई... तुलापण? हे कधी आलं?"

"तू पोटात होतास तेव्हा!"