जाड गिऱ्हाइकांचा काउंटर

साडीच्या दुकानात माणूस गप्प बसूच शकत नाही. गिऱ्हाईक पन्नास साड्या उघडतं, एक घेतं, आणि उरलेल्यांच्या घड्या घालता घालता आमच्या गप्पा चालतात. किस्से तिथंच साठत जातात. पूर्वी ते सगळे गिऱ्हाइकांचे असायचे. गेल्या वर्षापासून सगळे माझेच निघायला लागलेत, आणि सांगणारा असतो शिवाप्पा, माझ्या शेजारच्या काउंटरचा सेल्समन. तो मीठमसाला लावतो. म्हणून म्हटलं, एकदा मीच सांगून टाकतो.

मी परशराम. बेळगावात शहापूरला एका साडीच्या दुकानात एकोणीस वर्षं काम करतोय. आमच्याकडं साडी दाखवायची म्हणजे सेल्समननं पँट-शर्टावरच ती गुंडाळायची, निऱ्या पाडायच्या, पदर खांद्यावर टाकायचा. माझं वजन होतं एकशे तीस किलो. त्यामुळं अंगानं भरलेल्या बायका सरळ माझ्यापुढं येऊन बसायच्या. ह्यांच्यावर साडी बसतीय म्हणजे आपल्यावर बसणारच, एवढा साधा विचार. आमचे मालक आप्पा माझ्या जागेला 'जाड गिऱ्हाइकांचा काउंटर' म्हणायचे. अर्थात गिऱ्हाईक नसताना.

मग शुगर वाढली, गुडघे गेले, झोपेत श्वास अडकायला लागला. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी माझं पोट कापून केळ्याएवढं केलं. वर्षात साठ किलो उतरलं. आता जो भेटतो तो विचारतो, "बरं वाटतंय नव्हं?" गुडघे बरे आहेत, शुगर बरी आहे. पण मी हे करून बरं केलं का, ते मला अजून सांगता येत नाही.

* * *

काउंटरच्या आत शिरायला एक फट आहे. एकोणीस वर्षं मी ती तिरका होऊन, पोट आत ओढून पार केली. ऑपरेशननंतरही तसाच जात होतो, माझ्या ते ध्यानातच आलं नव्हतं.

एकदा असाच तिरका होऊन, श्वास रोखून शिरत होतो. तेवढ्यात शिवाप्पा चहाचा ट्रे घेऊन माझ्या शेजारून, त्याच फटीतून, पलीकडं गेला.

"तू ये आरामात," म्हणाला. "मी दुसऱ्या लेननं जातो."

* * *

जेवायला आम्ही दुकानाच्या मागच्या खोलीत बसतो. माझं जेवण म्हणजे अर्धी वाटी मऊ भात, एक चमचा उसळ. प्रत्येक घास पीठ होईस्तोवर चावायचा. जेवताना पाणी नाही. घाई केली की सगळं वर येतं.

पण बायको, सुनंदा, डबा भरते तो जुनाच. चार भाकरी, दोन भाज्या, भात, वर शेंगदाण्याची चटणी. मी सांगून दमलो. एक दिवस जरा आवाज चढवला, तर ती तव्याकडं बघत म्हणाली, "पंचवीस वर्षं तुमच्या मापानं थापत आलेय. आता तुम्ही खात न्हाय तर मी कुणासाठी उठू सकाळी?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी डबा उचलला.

त्यातलं मी वाटीभर खातो, बाकीचं शिवाप्पा खातो. टाकायचं कसं? वर्षभर खातोय. त्याचा शर्ट आता बटणाला ताणतो. माझं वजन कुठं गेलं असं लोक विचारतात, तेव्हा मी नुसतं त्याच्याकडं बोट दाखवतो.

* * *

खरा घोटाळा काउंटरला झाला. सदलग्याच्या एक बाई आलत्या, अंगानं मजबूत. मी सवयीनं साडी कमरेभोवती गुंडाळली आणि निऱ्या घालायला लागलो. पूर्वी माझ्या अंगावर चार निऱ्या झाल्या की साडी संपायची. आता पाच झाल्या, सात झाल्या, दहा झाल्या, तरी हातात साडी उरलीच.

"ही नऊवारी हाय काय?" बाईंनी विचारलं.

आणि हातांना काय माहीत पोट गेलंय ते? जुन्या पोटाला जागा सोडून खोचलेली साडी सरळ खाली पायाशी. बाई कापड बोटांनी चोळून बघायला लागल्या. "लई निसरडं दिसतंय. अंगावर ठरणार न्हाय."

"साडी चांगली हाय हो," शिवाप्पा म्हणाला. "आतला माणूसच संपलाय."

बाई उठल्या आणि गेल्या. संध्याकाळी आप्पांनी मला बोलावलं. "परशा, लग्नसराई संपेपर्यंत बघू. भरलेल्या बायकांना तुझ्यावर बघून अंदाज येत न्हाय. जमलं न्हाय तर तू गोडाऊन सांभाळ. तुझ्या जागेवर शिवाप्पाला बसवू. त्याची तब्येत आता झालीया."

म्हणजे माझ्याच डब्यावर माझ्या जागेचा माणूस तयार झाला. पण मला हसू आलं नाही. काउंटर सोडून मला दुसरं काही येत नाही.

* * *

कंग्राळीला लांबच्या मेव्हण्याच्या मुलीचं लग्न होतं. पंगतीत बसलो. वाढणाऱ्यानं माझं पान बघितलं आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाला, "पावणं जेवंनात." झालं. मुलीचा बाप आला, चुलता आला, आजीला धरून आणलं. आजीनं आपल्या हातानं माझ्या तोंडात बुंदीचा लाडू घातला. नाही कसं म्हणायचं?

डॉक्टरांनी गोड का बंद केलंय ते दहा मिनिटांत कळलं. घाम फुटला, छाती धडधडायला लागली, डोळ्यांपुढं काजवे. मला जाजमावर आडवं केलं.

वरून आजीचा आवाज आला. "अंगात काय ऱ्हायलंच न्हाय लेकराच्या. आणखी एक लाडू आणा."

* * *

हे एक मी कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्या दुकानात शेवटी मोठा आरसा आहे. गर्दीच्या दिवशी साड्यांचा गठ्ठा घेऊन वळलो, तर समोरून एक वाळका माणूस येताना दिसला. गाल बसलेले, मान बारीक. मी बाजूला सरकलो आणि म्हटलं, "या, बसा की." तोही सरकला.

खरं सांगतो, भ्यालो. आता घरी शर्ट काढला की दंडाची कातडी लोंबते, म्हणून आरशाकडं पाठ करतो. एकशे तीस किलोचा होतो तेव्हा कधी केली नव्हती.

* * *

आणि हा गेल्या आठवड्यातला. निपाणीहून एक बाई आल्या. हायस्कूलला शिक्षिका आहेत, देहानं माझ्या जुन्या मापाच्या. पंधरा वर्षं त्या माझ्याकडूनच साडी घेत आल्यात. मधे दीड वर्ष आल्या नव्हत्या.

"इथं ते जाड गृहस्थ असायचे, त्यांना बोलवा जरा," त्या मलाच म्हणाल्या.

"मीच की बाई."

"चेष्टा करू नका. मी लांबून आले."

आप्पा गादीवरून बघत होते. मी घाईघाईनं एक साडी गुंडाळली. ती घसरली, बाईंनी एकदाच बघितलं आणि मान फिरवली. "मला साडी नकोय खरं तर," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "डॉक्टरांनी पोटाचं ऑपरेशन सांगितलंय, वजन कमी करायचं. घरात सगळे म्हणतात कर. माझी झोप गेलीय. त्या गृहस्थांना विचारायचं होतं. ते मला कधी हसले नाहीत. ते खरं सांगतील."

"मला विचारा की," मी म्हटलं.

त्यांनी मला खालवर बघितलं. "तुम्हाला काय कळणार? जन्माचे बारीक तुम्ही."

आप्पांच्या हातात फोन नंबरची चिठ्ठी दिली, 'ते आले की फोन करायला सांगा' म्हणाल्या आणि निघाल्या. आप्पांनी ती चिठ्ठी माझ्यापुढं टाकली.

"फोन कर आणि बाईंना परत आण. न्हाय तर सोमवारपासून गोडाऊन."

मी मागच्या खोलीत जाऊन फोन लावला. नुसतं "नमस्कार बाई" म्हटलं, तेवढ्यानं त्यांनी आवाज ओळखला.

"अहो, होता कुठं तुम्ही? तुमच्या जागी कुणाला बसवलंय? त्या माणसाला साडीसुद्धा नेसता येत नाही."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बरं, ते राहू दे," बाई म्हणाल्या. "तुम्ही माझ्यासारखेच, म्हणून विचारते. करू का नको?"